पोलादाचा कस आणि सांध्याचा भरवसा

जबलपूर शहरात कमानिया दरवाजाकडून सराफ्याच्या रस्त्याला वळले की सोन्याचांदीच्या पेढ्या लागतात. या पेढ्यांच्या आश्रयाने काम करणारा कारागीर तुटलेली साखळी कशी जोडतो, हे आपणांपैकी बहुतेकांनी आपापल्या गावच्या सोनाराकडे पाहिलेले असेल. तो सांध्याला टाकणखार लावतो, त्यावर झाळीचा एक बारीक कण ठेवतो आणि फुंकणीने ज्योत त्यावर सोडतो. झाळ म्हणजे दागिन्यापेक्षा कमी उष्णतेवर वितळणारी मिश्रधातू. ती वितळून सांध्यात शिरते आणि निवल्यावर दोन्ही टोकांना धरून ठेवते. मूळ सोने मात्र वितळत नाही. म्हणून सोनाराच्या या कामाला झाळकाम म्हणतात, वेल्डिंग म्हणत नाहीत.

याच शहरात १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना आहे आणि १९६९ साली सुरू झालेला लष्करी वाहनांचा कारखानाही आहे. तेथील काम सोन्याचे नाही, पोलादाचे आहे, आणि तेथला सांधा झाळीचा नसून वितळजोडाचा असतो. विजेच्या ठिणगीने जोडावयाच्या दोन्ही कडा व वेल्डिंगची कांडी ही तिन्ही एकदमच वितळतात आणि एकमेकांत मिसळून थिजतात. पोलाद वितळावयास सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणजे सांध्याच्या जागी, क्षणभर का होईना, पोलाद ओतण्याची एक लहानशी भट्टीच पेटलेली असते. सांध्याच्या आतला धातू हा नव्याने ओतलेला धातू होय, आणि त्याच्या लगतचा पट्टा हा नव्याने भाजून निघालेला धातू होय. आजचा आपला विषय मुख्यतः या लगतच्या पट्ट्याचा आहे. कारण फसलेला सांधा पुष्कळदा सांध्यात तुटत नाही. तो सांध्याच्या शेजारी तुटतो.

कारागीर तोच, कांडी तीच, वीजप्रवाहही तोच. असे असता एक सांधा तीस वर्षे ओझे वाहतो आणि दुसऱ्याला दुसऱ्याच दिवशी केसासारखी चीर पडते, असे का व्हावे? अशा वेळी दोष देण्यास सर्वांत जवळचा माणूस म्हणजे वेल्डर. त्याचा हात कच्चा होता, असे म्हटले की चौकशी संपते. पण या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा पोलादाच्या घटकांत दडलेले असते, आणि ते काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर वाचता येण्यासारखे असते. ते कसे वाचावयाचे, एवढेच आज पाहू.

पोलाद म्हणजे लोखंड आणि कार्बन यांचे मिश्रण, ही व्याख्या आपण शाळेत शिकलो. तिच्यात महत्त्व आहे ते प्रमाणाला. इमारतीच्या तुळया, दाराच्या जाळ्या, पाण्याच्या टाक्या ज्या नरम पोलादाच्या होतात त्यात कार्बन शेकडा ०.१५ ते ०.२५ असतो. रेल्वेच्या रुळांत तो ०.६० ते ०.८० असतो. मालमोटारीच्या कमानीच्या पट्ट्यांत तो साधारणतः ०.५० ते ०.६० असतो. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, तो २ पासून ४ टक्क्यांपर्यंत चढतो. दिसावयास ही सारी काळीच. पण अर्धा टक्का कार्बनाने त्यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

जबलपूरच्या दक्षिणपूर्वेस मंडला व दिंडोरीच्या रानात अगरिया नावाची लोहाराची जमात राहते. मातीची बुटकी भट्टी, लोणारी कोळसा आणि पायाने दाबावयाचे भाते एवढ्या सामग्रीवर ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दगडातून लोखंड काढीत असत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. त्यांच्या भट्टीत लोखंड कधी वितळत नसे. त्याचा भिजलेल्या पिठासारखा गोळा होई. वितळत नसल्यामुळे त्यात कार्बनही फारसा मुरत नसे. असे लोखंड तापवून एकावर एक ठेवून ठोकले की एकजीव होते, आणि निवल्यावर ठिसूळ पडत नाही. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ हाही असेच गोळे एकमेकांवर घणांनी जोडून उभा केलेला आहे. त्या काळच्या कारागिराचा सांधा टिकला त्यात त्याच्या कौशल्याचा वाटा मोठा, यात शंका नाही; पण कमी कार्बनाच्या लोखंडाचा वाटाही त्यात आहे.

कार्बन वाढला म्हणजे नेमके काय बिघडते? हे समजावयास प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. गावच्या लोहाराच्या भात्यापाशी उभे राहिले की पुरे. लोहार कोयता लाल करून एकदम पाण्यात बुडवितो. याला आपण हत्याराला 'पाणी देणे' म्हणतो, आणि पाणीदार हा शब्द आपल्या भाषेत तलवारीपासून माणसापर्यंत सर्वांना लागू झाला तो येथूनच. या क्रियेत घडते ते असे. लाल झालेल्या पोलादात कार्बनाचे अणू लोखंडाच्या कणांत सुखाने विरघळलेले असतात. सावकाश निवू दिले तर ते बाहेर पडून आपापली वेगळी जागा घेतात, आणि पोलाद नरम व चिवट राहते. एकाएकी निवविले तर त्यांना बाहेर पडण्यास सवडच मिळत नाही. ते आतल्या आत अडकून बसतात आणि लोखंडाच्या स्फटिकरचनेला ताणून धरतात. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती अतिशय कठीण असते आणि तितकीच ठिसूळही. कार्बन जितका अधिक तितकी ही कठीणता अधिक. नरम लोखंडाला कितीही पाणी दिले तरी त्याची धार होत नाही, हे प्रत्येक लोहार जाणतो.

आता वेल्डिंगकडे वळू. येथे पाण्याची बादली कोठेही नाही. तरी सांध्याच्या लगतच्या पट्ट्याला पाणी दिले जाते. कोण देते? ते पोलादाचे थंड, जाड पत्रेच देतात. सांध्याची जागा इवलीशी आणि भोवतालचे पत्रे मोठे. ते ती उष्णता क्षणार्धात शोषून घेतात. ८०० पासून ५०० अंशांपर्यंतचा उतार कित्येकदा अवघ्या काही सेकंदांत संपतो, आणि सारे भवितव्य ठरते ते याच उतारावर. पत्रा जितका जाड तितका तो अधिक वेगाने उष्णता ओढतो. म्हणून एकाच जातीच्या पोलादाचा ६ मिलिमीटर पत्रा निर्धास्त जोडता येतो, आणि ५० मिलिमीटरचा जोडताना विचार करावा लागतो. कोयत्याला जे पाणी भूषण ठरते तेच पुलाच्या तुळईला दूषण ठरते, कारण तुळईला धार नको असते. तिला वाकून सावरण्याची शक्ती हवी असते.

कठीण पट्टा तयार झाला एवढ्याने चीर पडेलच असे मात्र नाही. तिला आणखी दोन साथीदार लागतात. पहिला ताण. वितळलेला धातू थिजताना आकसतो. बाजूचे पत्रे त्याला आकसू देत नाहीत. आणि या ओढाताणीचा ताण सांध्यात कायमचा राहतो. दुसरा साथीदार म्हणजे हायड्रोजन. कांडीच्या लेपातील ओल, पत्र्यावरील दव, गंज, तेल, रंग यांतून तो ठिणगीच्या उष्णतेने सुटतो आणि वितळलेल्या धातूत विरघळतो. धातू निवू लागला की हा वायू अणुरूपाने हिंडत हिंडत कठीण पट्ट्यात जाऊन साठतो आणि तेथे धातूची पकड सैल करतो. या हिंडण्याला वेळ लागतो. म्हणूनच ही चीर काम झाल्याबरोबर दिसत नाही. ती काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही पडते. संध्याकाळी तपासून उत्तम ठरविलेला सांधा तिसऱ्या दिवशी सदोष निघतो, त्यात तपासनिसाने डोळे मिटले होते असे मानण्याचे कारण नाही. जोखमीच्या कामात अंतिम तपासणी ४८ तासांनी करावी असा जो दंडक असतो, त्याचे मूळ येथे आहे.

म्हणजे कठीण रचना, ताण आणि हायड्रोजन ही तिन्ही एकत्र आली म्हणजे चीर पडते. यांपैकी पहिली गोष्ट पोलादाच्या घटकांवरून आधी ओळखता आली तर पुढचा उपाय करता येतो. सराफ्यात जशी कसोटी असते तशी पोलादालाही एक कसोटी आहे. तिचे नाव कार्बन-तुल्यांक. कार्बनाप्रमाणेच मँगॅनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम इत्यादी धातूही पोलादाला पाणी चढण्यास मदत करतात. पण प्रत्येकाचा जोर निराळा. तेव्हा प्रत्येकाचा जोर कार्बनाच्या भाषेत मांडून सर्वांची बेरीज करावयाची. आंतरराष्ट्रीय वितळजोड संस्थेने रूढ केलेला हिशेब असा आहे : कार्बन जसाच्या तसा घ्यावा, मँगॅनीजचा सहावा हिस्सा घ्यावा, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा हिस्सा घ्यावा, निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा हिस्सा घ्यावा, आणि या सर्वांची बेरीज करावी.

उदाहरणे घेऊ. एका इमारती पोलादात कार्बन ०.१८ व मँगॅनीज ०.९० आहे. मँगॅनीजचा सहावा हिस्सा ०.१५, बेरीज ०.३३. कमानीच्या एका पट्ट्यात कार्बन ०.५५ व मँगॅनीज ०.९० आहे, बेरीज ०.७०. यंत्राच्या एका आसात कार्बन ०.४०, मँगॅनीज ०.७२, क्रोमियम १.०० आणि मॉलिब्डेनम ०.२५ आहे. येथे ०.४० मध्ये ०.१२ मिळवा, शिवाय १.२५ चा पाचवा हिस्सा म्हणजे ०.२५ मिळवा, बेरीज ०.७७ येते. ढोबळ मानाने असे समजावे की तुल्यांक ०.४० च्या आत असेल आणि पत्रा फार जाड नसेल तर पोलाद सरळ जोडता येते. ०.४० ते ०.६० च्या दरम्यान असेल तर ते आधी तापवून घ्यावे लागते. ०.६० च्या वर गेला तर अधिक तापवावे लागते, कोरड्या कांडीवाचून काम करता येत नाही, आणि जोडल्यावरही सावकाश निववावे लागते. रस्त्याकडेच्या दुकानात जोडून घेतलेली कमान चार दिवसांत सांध्याच्या शेजारीच पुन्हा का तुटते, याचे उत्तर ०.७० या आकड्यात आहे. शिवाय कमानीचा लवचीकपणा ज्या उष्णता-संस्कारातून आलेला असतो तो वेल्डिंगच्या धगीने नष्ट होतो. कमान बदलावी, जोडू नये, हाच तेथे शहाणपणाचा मार्ग होय.

आपल्या देशातील इमारती पोलादाच्या मानकात, म्हणजे भारतीय मानक २०६२ मध्ये, ही कसोटी अंतर्भूत केलेली आहे. त्यातील नेहमीच्या वापरातल्या ई २५० अ या प्रतीला कार्बनाची कमाल मर्यादा ०.२३ आणि तुल्यांकाची ०.४२ आहे. अधिक बळकट अशा ई ३५० प्रतीला कार्बनाची मर्यादा उलट कमी, म्हणजे ०.२० आहे, तुल्यांकाची मर्यादा मात्र ०.४७ पर्यंत वाढविलेली आहे. याचा अर्थ असा की बळ वाढविण्यासाठी पोलादकारांनी कार्बनाचा सोपा पण धोक्याचा मार्ग सोडून मँगॅनीज व इतर धातूंचा मार्ग धरला. तरीही तुल्यांक वाढतोच. म्हणून अधिक बळकट पोलाद घेणाऱ्याने अधिक काळजीही विकत घेतली पाहिजे.

ही काळजी म्हणजेच पूर्वतापन. जोडण्यापूर्वी सांध्याच्या दोन्ही अंगांचा पट्टा वायूच्या ज्योतीने किंवा विजेच्या तापकांनी १००, १५०, प्रसंगी २५० अंशांपर्यंत तापवावयाचा आणि काम संपेपर्यंत ती उष्णता टिकवावयाची. पोलाद वितळावयास १५०० अंश लागतात. तेथे या शंभर-दोनशे अंशांनी काय साधणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण पूर्वतापन हे वितळविण्यास मदत म्हणून नसते. ते निवण्याचा वेग कमी करण्यासाठी असते. गरम पत्रा उष्णता सावकाश ओढतो, म्हणून कठीण रचना कमी होते. सांधा अधिक काळ गरम राहतो, म्हणून हायड्रोजनला बाहेर पडण्यास अवधी मिळतो. तापमानातील तफावत कमी होते, म्हणून ताणही काहीसा सौम्य होतो. चिरेच्या तिन्ही साथीदारांवर एकाच उपायाने मात्रा चालते, हे या साध्या क्रियेचे मोठेपण. सोनारही चांदीची वस्तू झाळताना सांध्यापुरतीच न तापविता सबंध वस्तू ऊन करतो. पण त्याचे कारण निराळे. चांदी उष्णता इतकी झपाट्याने वाहून नेते की सबंध वस्तू तापल्याखेरीज झाळ वितळतच नाही. क्रिया सारखी दिसली तरी हेतू भिन्न आहेत.

पूर्वतापनाच्या जोडीला कांडीची निगा हवी. कमी हायड्रोजनाच्या म्हणून ज्या कांड्या मिळतात त्या मुळातल्या कोरड्या. पण उघड्या ठेवल्या तर हवेतील ओल शोषतात. आपल्याकडील पावसाळ्यात तर हे हटकून घडते. म्हणून त्या उत्पादकाने सांगितलेल्या उष्णतेवर, बहुधा ३०० ते ३५० अंशांवर, भट्टीत भाजून गरम डब्यातूनच कामावर न्यावयाच्या असतात. या भट्टीचा खर्च आणि तापविण्याच्या वायूचा खर्च हेच दोन खर्च काटकसरीच्या नावाखाली प्रथम कापले जातात, हे दुर्दैवाने अनेक ठिकाणी आढळते.

पूर्वतापनाचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे रेल्वेचा रूळ. मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्याला जाणारा लोहमार्ग १८७० साली पूर्ण झाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गाडीचा प्रवास म्हणजे रुळांच्या जोडांवरचा तो तालबद्ध खडखडाट, असे समीकरणच होते. आता लांबच लांब जोडरुळांमुळे तो ताल बव्हंशी लोपला आहे. रुळाच्या पोलादात कार्बन ०.६० च्या वर असतो हे आपण पाहिले. कसोटीला लावल्यास ते जोडण्यास अवघड ठरते. तरीही ते जागेवर जोडले जाते, ते थर्मिट पद्धतीने. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनज्ञाने १८९५ साली या क्रियेचे एकस्व घेतले. अॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचे ऑक्साइड यांचे मिश्रण पेटविले की प्रखर उष्णतेबरोबर वितळलेले पोलाद तयार होते, आणि ते रुळांच्या दोन टोकांमधील फटीत साच्यातून ओतले जाते. पण ओतण्यापूर्वी ती टोके ज्योतीने सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवितात. रात्री लोहमार्गाच्या कडेला दिव्यांच्या उजेडात चार माणसे साच्याभोवती ज्योत धरून घड्याळाकडे पाहत बसलेली दिसली, तर ती आळसाने बसलेली नाहीत. शेकडो प्रवाशांच्या सुरक्षिततेची मिनिटे ती मोजीत आहेत.

ही मिनिटे न मोजल्यास काय होते, याचा धडा ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने दिला. तेथील किंग्ज ब्रिज हा पूल १९६१ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या तुळया उच्च ताणबलाच्या पोलादाच्या, वेल्डिंगने जोडलेल्या होत्या. १० जुलै १९६२ रोजी, हिवाळ्याच्या एका थंड सकाळी, सुमारे ४५ टनांचे वाहन पुलावरून जात असता एका गाळ्याच्या तुळया तडकल्या आणि रस्ता सुमारे एक फूट खचला. गाळ्याखाली बांधलेल्या भिंतींनी तो तोलून धरला म्हणूनच अनर्थ टळला. चौकशीत दिसले ते असे की तुळयांच्या तळच्या पट्ट्यांवर जेथे जादा पट्ट्यांची टोके आडव्या सांध्यांनी जोडली होती, तेथे लगतच्या भाजलेल्या भागात चिरा कारखान्यातच पडलेल्या होत्या. पोलादातील कार्बन व मँगॅनीज यांमुळे ते जोडण्यास नाजूक होते, आणि त्या नाजूकपणाला साजेशी दक्षता जोडताना घेतली गेली नव्हती. दोष कोणा एका कारागिराच्या हाताचा नव्हता. पोलाद निवडणारे, पुरविणारे, जोडणारे आणि तपासणारे अशा सर्वांत तो थोडाथोडा वाटलेला होता.

एवढे सांगितल्यावर या कसोटीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कार्बन-तुल्यांक गंधकाविषयी काही बोलत नाही. गंधक अधिक असेल तर सांधा थिजता थिजताच, गरम असतानाच फाटतो, आणि त्यावर पूर्वतापनाचा उपाय चालत नाही. स्वयंपाकघरातील भांड्यांच्या निर्गंज पोलादात शेकडा १८ क्रोमियम व ८ निकेल असते. या हिशेबाने त्याचा तुल्यांक भयंकर येईल. पण त्या जातीच्या पोलादात कठीण रचना बनतच नाही, म्हणून ते पूर्वतापनावाचून जोडतात. शिवाय प्रमाणपत्रावरील आकडे हे वितळलेल्या रसाच्या नमुन्याचे असतात. प्रत्यक्ष पत्र्यात एखाद्या जागी ते थोडे अधिक असू शकतात. कसोटी दिशा दाखविते. निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

मग सामान्य माणसाने काय करावे? घर बांधताना सळ्यांचे सांधे शक्यतो वेल्डिंगने करू नयेत. करावयाचेच असतील तर पुरवठादाराकडे रासायनिक चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. सळ्यांच्या मानकात एफई ४१५ प्रतीला कार्बन ०.३० पर्यंत चालतो, तर एफई ५०० डी प्रतीला तो ०.२५ च्या आत लागतो. हा फरक जोडकामात महत्त्वाचा ठरतो. भंगारातून आलेल्या, कुळशील माहीत नसलेल्या लोखंडावर पाळण्याचा किंवा जिन्याचा भार टाकू नये. आणि ज्यांच्या हाती सार्वजनिक कामांच्या निविदा असतात, त्यांनी दराच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने वाचावेत : पोलादाचा कार्बन-तुल्यांक, पत्र्याची जाडी आणि पूर्वतापनाचे तापमान. पूर्वतापनाचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे मांडलेला नसेल तर ते काम कोणी करणार नाही, असे खुशाल समजावे. सोने घेताना आपण कस विचारल्याशिवाय पैसे मोजीत नाही. ज्या पुलावरून आपली मुले रोज शाळेत जातात त्याच्या पोलादाचा कस विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. तो आधी विचारला गेला, तर चीर पडल्यावर बिचाऱ्या वेल्डरला जाब विचारण्याची पाळी फारशी येणार नाही.